टंगस्टनच्या विद्युदग्राची निवड आणि निगा

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या नगराची ओळख दीर्घकाळ हिमरूच्या विणकामाशी आणि बिदरीच्या नक्षीकामाशी निगडित होती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या दशकांत या ओळखीत नवी भर पडत गेली. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १९८५ साली वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. वाहनांचे सुटे भाग, औषधे आणि बिअर तयार करणारे कारखाने या वसाहतींत वाढले. या सर्व कारखान्यांना अगंज पोलादाच्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, टाक्या आणि नळ लागतात, ॲल्युमिनियमचे भाग लागतात, आणि त्यांचे सांधे स्वच्छ, गुळगुळीत व गळतीविरहित असावे लागतात. असा सांधा घालण्याची सर्वांत विश्वासाची पद्धती म्हणजे कामगार जिला ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात आणि पुस्तकांतून जिचा उल्लेख ‘टिग’ या नावाने येतो ती होय.

या पद्धतीत यंत्र महाग असते, वायूचे नळकांडे महाग असते. परंतु कामाचा दर्जा अखेर ज्या वस्तूवर ठरतो ती वस्तू बोटाएवढ्या लांबीची, पेन्सिलीच्या शिशासारखी बारीक अशी टंगस्टनची एक कांडी असते. तिला शास्त्रीय परिभाषेत विद्युदग्र म्हणतात. ती कोणती घ्यावी याचा विचार पुष्कळदा केलाच जात नाही. दुकानदार देतो ती, किंवा वस्ताद वापरीत आला ती, एवढेच तिचे प्रमाण. अशी परंपरेने चालत आलेली कांडी बहुधा लाल टोकाची असते, आणि लाल टोकाच्या कांडीत थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असते. प्रस्तुत लेखात कांडीची निवड कोणत्या तत्त्वावर करावी आणि ती वापरताना धोका नेमका कोठे असतो, या दोन प्रश्नांचा एकत्र विचार केला आहे. हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, हे पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात येईल.

कांडीचे कार्य

साध्या विद्युत् वेल्डिंगमध्ये कांडी स्वतः वितळते आणि सांध्यात भरली जाते. टिग पद्धतीत तसे होत नाही. येथे कांडीने केवळ प्रज्योत धारण करावयाची, म्हणजे विद्युत्‌कणांचा प्रवाह जॉबकडे सोडावयाचा, आणि स्वतः शाबूत राहावयाचे, अशी अपेक्षा असते. भर घालावयाची असल्यास ती दुसऱ्या हातातील फिलर तारेने घालतात. प्रज्योतीभोवती आर्गन किंवा हेलियम या अक्रिय वायूचे आवरण असते. त्यामुळे तापलेली कांडी आणि वितळलेला धातू हे दोन्ही हवेतील ऑक्सिजनपासून सुरक्षित राहतात. अमेरिकेतील नॉर्थ्रप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ या अभियंत्याने मॅग्नेशियमचे भाग जोडण्यासाठी ही पद्धती विकसित केली व १९४२ साली तिचे एकस्व त्याला मिळाले. तेव्हा वायू हेलियम होता. आर्गन स्वस्तात मिळू लागल्यावर तो रूढ झाला.

प्रज्योतीच्या तापमानात टिकाव धरील असा धातू टंगस्टनच होय. त्याचा वितळबिंदू सुमारे ३,४२० अंश सेल्सिअस असून सर्व धातूंत तो सर्वाधिक आहे. त्याची घनता पाण्याच्या एकोणीस पटींहून अधिक आहे. स्वीडिश भाषेत ‘टंग स्टेन’ याचा अर्थच ‘जड दगड’ असा होतो. आपल्या नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबणा-आगरगाव पट्ट्यात टंगस्टनची खनिजे आढळली आहेत. तथापि जगाच्या उत्पादनाचा बहुतांश भाग चीनमधून येतो. ही कांडी मौल्यवान आहे आणि तिची उधळपट्टी परवडणारी नाही, एवढे यावरून समजावे.

ऑक्साइड मिसळण्याचे कारण

शुद्ध टंगस्टन वितळत नाही हे खरे, परंतु तो विद्युत्‌कण सहजासहजी सोडीत नाही. धातूच्या पृष्ठभागातून एक विद्युत्‌कण बाहेर काढण्यास जी ऊर्जा लागते तिला त्या धातूचे कार्यफल म्हणतात. शुद्ध टंगस्टनचे कार्यफल सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. एखाद्या विहिरीचा कठडा उंच असला की पोहऱ्याने पाणी काढण्यास अधिक श्रम पडतात, तसेच हे आहे. कठडा उंच असल्याने पुरेसा प्रवाह मिळण्यासाठी टोक अतिशय तापवावे लागते. ते वितळून गोळ्यासारखे होते आणि प्रज्योत इकडेतिकडे भटकू लागते.

हा कठडा खाली आणण्याचा उपाय विजेच्या दिव्यांवरील संशोधनातून सापडला. दिव्याच्या टंगस्टन तंतूत थोरियमचा अंश असला तर त्यातून विद्युत्‌कणांचे उत्सर्जन कित्येक पटींनी वाढते, असे अर्व्हिंग लँगम्यूर या शास्त्रज्ञाने दाखविले. त्याचा यावरील प्रसिद्ध निबंध १९२३ सालचा आहे. टंगस्टनच्या पृष्ठावर थोरियमचा पातळ थर आला की कार्यफल सुमारे २.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत उतरते. पुढे हेच तत्त्व वेल्डिंगच्या कांडीस लागू करण्यात आले. शेकडा २ थोरियम ऑक्साइड घातलेली कांडी चटकन पेटते, तिचे टोक टिकते, प्रज्योत स्थिर राहते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती सर्वत्र रूढ झाली, यात नवल नाही.

परंतु कार्यफल उतरविण्याचा गुण एकट्या थोरियमचा नव्हे. लँथॅनम, सीरियम, झिर्कोनियम यांच्या ऑक्साइडांनीही तो साधतो, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ही ऑक्साइडे किरणोत्सर्गी नाहीत. निवडीचा प्रश्न येथून सुरू होतो.

रंगांची भाषा

निरनिराळ्या कांड्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. म्हणून प्रत्येक कांडीच्या एका टोकास रंग दिलेला असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार नेहमी आढळणारे रंग असे :

हिरवा — शुद्ध टंगस्टन
पिवळा — थोरियम ऑक्साइड, शेकडा १
लाल — थोरियम ऑक्साइड, शेकडा २
राखाडी — सीरियम ऑक्साइड, शेकडा २
काळा — लँथॅनम ऑक्साइड, शेकडा १
सोनेरी — लँथॅनम ऑक्साइड, शेकडा १.५
निळा — लँथॅनम ऑक्साइड, शेकडा २
पांढरा — झिर्कोनियम ऑक्साइड, शेकडा ०.८

अमेरिकन मानकात सीरियमच्या कांडीस पूर्वी नारिंगी रंग असे. जुन्या साठ्यात तो आढळल्यास गोंधळून जाऊ नये, वेष्टनावरील मजकूर वाचावा.

येथे एक साधा परंतु महत्त्वाचा नियम सांगितला पाहिजे. रंग असलेले टोक कधीही घासू नये. दोन्ही बाजूंनी टोक काढून ठेवण्याची सवय काही वेल्डरांना असते. त्यामुळे वेळ वाचतो, पण कांडीची ओळख पुसली जाते. रंग गेलेली कांडी हाती आल्यास तीत थोरियम आहे असे समजूनच तिच्याशी वागावे.

निवड कशी करावी

कांडी निवडताना तीन गोष्टी पाहाव्या : जोडावयाचा धातू, प्रवाहाचा प्रकार आणि प्रवाहाचे मान.

पोलाद, अगंज पोलाद, तांबे आणि टिटॅनियम यांसाठी एकदिश प्रवाह वापरतात आणि कांडी ऋण टोकास जोडतात. या जोडणीत उष्णतेचा सुमारे दोनतृतीयांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग जॉबवर पडतो व उरलेला कांडीवर, म्हणून कांडी थंड राहते आणि टोकदार ठेवता येते. जोडणी चुकून उलट झाली तर कांडीचे टोक पाहता पाहता वितळून सांध्यात गळते. या कामासाठी सोनेरी किंवा निळ्या टोकाची लँथॅनमची कांडी उत्तम. पातळ पत्रा आणि बारीक नळ्या यांवर, जेथे प्रवाह कमी असतो तेथे, राखाडी टोकाची सीरियमची कांडी विशेष उपयोगी पडते, कारण ती अल्प प्रवाहातही सहज पेटते.

ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांचा प्रकार वेगळा. ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळते, पण त्याच्या पृष्ठावरील ऑक्साइडाची साय वितळण्यास २,००० अंशांहून अधिक तापमान लागते. ही साय फोडण्यासाठी प्रत्यावर्ती प्रवाह वापरतात. त्याच्या एका अर्धचक्रात साय उडते आणि दुसऱ्यात धातू तापतो. मात्र साय उडविणाऱ्या अर्धचक्रात कांडीवर अतोनात उष्णता येते. जुन्या ट्रान्सफॉर्मर यंत्रांवर यासाठी हिरव्या किंवा पांढऱ्या टोकाची कांडी वापरून तिच्या टोकास अर्धगोल आकार येऊ देत. नव्या इन्व्हर्टर यंत्रांवर दोन्ही अर्धचक्रांचा काळ कमीजास्त करता येतो. तेथे लँथॅनमची कांडी, टोक किंचित बोथट करून, चांगले काम देते. शुद्ध टंगस्टनच्या कांडीला अशा यंत्रावर फारसे स्थान उरलेले नाही.

तिसरी बाब जाडीची. ऋण टोकास जोडलेल्या ऑक्साइडयुक्त कांडीसाठी स्थूलमानाने १.० मिलीमीटर जाडीस ८० अँपिअरपर्यंत, १.६ मिलीमीटरास ७० ते १५०, २.४ मिलीमीटरास १५० ते २५० आणि ३.२ मिलीमीटरास २५० ते ४०० अँपिअर प्रवाह योग्य ठरतो. प्रत्यावर्ती प्रवाहावर हीच कांडी यापेक्षा कमी प्रवाह सहन करते, म्हणून तेथे एक माप जाड घ्यावी. बारीक कांडीवर जास्त प्रवाह घातल्यास टोक तुटून सांध्यात पडते. असा टंगस्टनचा कण क्ष-किरणांच्या फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो, कारण टंगस्टन पोलादाहून कितीतरी अधिक किरण अडवितो. औषधनिर्मितीच्या टाकीवर असा ठिपका आढळला की सांधा कापून पुन्हा घालावा लागतो. उलट जाड कांडीवर अल्प प्रवाह घातला तर प्रज्योत टोकावर स्थिरावत नाही.

या विवेचनात एकाही कामासाठी लाल टोकाच्या कांडीची अनिवार्यता आढळत नाही, हे वाचकांनी पाहिलेच असेल. तिचे काम सोनेरी व निळी कांडी त्याच यंत्रावर आणि जवळजवळ त्याच मापनाने करते.

थोरियमचा प्रश्न

थोरियम हे आपल्याला अगदी अपरिचित मूलद्रव्य नाही. केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत ते विपुल आहे. लग्नाच्या मांडवात आणि तमाशाच्या फडात जी पेट्रोमॅक्सची बत्ती जळे, तिच्या जाळीचा शुभ्र प्रकाश मुख्यतः थोरियम ऑक्साइडाचाच होता. त्याचे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे आहे. म्हणजे त्याचा क्षय अतिशय मंद गतीने होतो.

२.४ मिलीमीटर जाडीच्या व १७५ मिलीमीटर लांबीच्या लाल कांडीचे वजन सुमारे १५ ग्रॅम भरते. तीत थोरियम ऑक्साइड ०.३ ग्रॅम असते व त्यातील थोरियम-२३२ या मूळ समस्थानिकाचे दर सेकंदास सुमारे एक हजार अणू क्षय पावतात. हा आकडा ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. थोरियमपासून प्रामुख्याने आल्फा कण निघतात आणि ते हवेत काही सेंटीमीटर जाताच थांबतात. कागदाचा एक तुकडा किंवा त्वचेचा वरचा मृत थर त्यांना अडवितो. त्याच्या क्षयातून निर्माण होणारी मूलद्रव्ये थोडे गॅमा किरणही देतात, परंतु खिशातील दोनचार कांड्यांच्या बाबतीत ते नगण्य होत. अखंड कांडी हातात धरणे अथवा तिने वेल्डिंग करणे यांत फारसा धोका नाही.

धोका ग्राइंडरवर आहे. टोक काढताना कांडीचा जो भाग झिजतो तो बारीक धूळ होऊन हवेत उडतो, आणि ही धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली की त्वचेचे संरक्षण उरत नाही. ज्या आल्फा कणाला कागद अडवितो तोच कण फुप्फुसातील नाजूक पेशींना अगदी जवळून आघात करतो. थोरियम ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. थोरियम ऑक्साइड शरीरात राहिल्यास काय होते याचा एक दुःखद पुरावा वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९३० ते १९५० च्या दशकांत क्ष-किरण चित्रे स्पष्ट यावीत म्हणून ‘थोरोट्रास्ट’ हे थोरियम ऑक्साइडाचे द्रावण रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत टोचीत. ते यकृतात व प्लीहेत साठून राहिले आणि कित्येक वर्षांनी अशा रुग्णांत यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे आढळले. त्यांना दिलेली मात्रा वेल्डरच्या धुळीपेक्षा कितीतरी अधिक होती, तेव्हा दोहोंची बरोबरी करणे योग्य नव्हे. हे द्रव्य शरीरात शिरू देऊ नये, एवढा बोध मात्र त्यातून निश्चित मिळतो.

धुळीचे मान किती, याचाही हिशेब करून पाहू. २.४ मिलीमीटरच्या नव्या कांडीस ५ मिलीमीटर लांबीचे शंकूसारखे टोक काढताना सुमारे ०.२९ ग्रॅम धातू झिजतो; त्यात थोरियम ऑक्साइड ६ मिलीग्रॅमच्या आसपास असते. समजा, एखाद्या कार्यशाळेत दिवसाला अशी दहा टोके काढली जातात. तीनशे कामाच्या दिवसांत सुमारे १८ ग्रॅम थोरियम ऑक्साइड त्या एका ग्राइंडरभोवती भुकटीच्या रूपाने जमते. ते ग्राइंडर बहुधा एका कोपऱ्यात असते. जवळच पाण्याचा माठ असतो, डब्यांची फळी असते. त्याच हातांनी तंबाखू मळली जाते. संध्याकाळी हवेच्या नळाने टेबल झाडले की कोपऱ्यात बसलेली धूळ सगळ्या शेडमध्ये पसरते. जो वेल्डिंग करीत नाही, केवळ झाडलोट करतो, त्याच्याही वाट्याला ती येते. मोठ्या कारखान्यात धूळ ओढून घेणारी यंत्रे आणि सुरक्षा अधिकारी असतात. चार-पाच माणसांच्या कार्यशाळेत यांपैकी काहीच नसते. तेथे कांडीचा रंग बदलणे हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय होय.

टोक काढण्याची रीत

कांडी कोणतीही असली तरी टोक काढण्याची रीत एकच. घासण्याच्या रेषा कांडीच्या लांबीच्या दिशेने उमटल्या पाहिजेत. कांडी चाकावर आडवी धरून फिरविली तर टोकाभोवती कड्यांसारख्या रेषा पडतात; विद्युत्‌प्रवाह त्यांवर अडखळतो आणि प्रज्योत भरकटते. टोकाची लांबी जाडीच्या दीडपट ते अडीचपट असावी. अगदी सुईसारखे टोक ठेवू नये. ते पहिल्याच प्रज्योतीत गळून पडते. त्यावर किंचित सपाटी ठेवावी.

यासाठी वेगळे, शक्यतो हिऱ्याच्या कणांचे, चाक राखून ठेवावे. ज्या चाकावर लोखंड वा ॲल्युमिनियम घासले जाते त्यावर टंगस्टन घासल्यास परका धातू टोकास चिकटतो. कांडी बोटांनी न धरता चिमट्यात किंवा धारकात धरावी, डोळ्यांस चष्मा लावावा. चाकाजवळ धूळ ओढणारी नळी असावी. ती नसल्यास निदान कणरोधक मुखपट्टी वापरावी, कारण तोंडास बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवीत नाही. टेबल ओल्या फडक्याने पुसावे, हवेचा झोत मारू नये. काम संपताच, आणि खाण्यापिण्यापूर्वी किंवा तंबाखू मळण्यापूर्वी, हात साबणाने धुवावे. थोरियमच्या जुन्या कांड्यांचा साठा संपवावयाचा असल्यास त्यांची भुकटी व तुकडे झाकणाच्या डब्यात, नाव लिहून, वेगळे ठेवावे आणि विल्हेवाटीसाठी मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांचा आधार घ्यावा.

टॉर्चमधील दक्षता

कांडी टॉर्चच्या चिनी मातीच्या नळीबाहेर सामान्यतः ३ ते ६ मिलीमीटर असावी. अधिक बाहेर काढल्यास वायूचे आवरण तिच्यापर्यंत पुरत नाही. वायूचा प्रवाह साधारण दर मिनिटास ६ ते १२ लिटर पुरेसा होतो. तो वाढविल्याने संरक्षण वाढते हा समज चुकीचा आहे, कारण फार वेगाने सुटलेला वायू भोवरे करून हवाच आत ओढतो. प्रज्योत विझल्यावर दर १० अँपिअरला १ सेकंद या हिशेबाने वायू चालू राहू द्यावा. थंड झाल्यावर टोक चांदीसारखे चकाकत असेल तर वायू पुरेसा होता. निळे वा काळे पडले असेल तर तो लवकर बंद झाला, असे समजावे. टोक वितळलेल्या धातूस लागले तर काम तेथेच थांबवून दूषित भाग तोडावा आणि नवे टोक काढावे. कांडी बदलताना यंत्राचा प्रवाह बंद करावा. पायाखालील पेडलवर विसंबू नये.

दोन इशारे येथे देणे अवश्य आहे. आर्गन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड आहे व त्यास रंग वा वास नाही. टाकीच्या आत वेल्डिंग करताना तो तळाशी साचतो आणि ऑक्सिजन बाहेर ढकलतो; गुदमरण्याची जाणीव होण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून टाकीत शिरण्यापूर्वी ऑक्सिजन मोजावा, हवा खेळती ठेवावी आणि बाहेर एक माणूस उभा करावा. आतला माणूस कोसळला तर बाहेरच्याने श्वसनसाधनाशिवाय त्याच्यामागे आत उडी घेऊ नये. अशा वेळी एकाऐवजी दोन जीव जातात. दुसरे असे की, तेलकटपणा काढण्यासाठी वापरलेले ट्रायक्लोरोएथिलीनसारखे क्लोरीनयुक्त द्रव जॉबवर किंवा आसपास उरता कामा नये. प्रज्योतीच्या उष्णतेने व जंबुपार किरणांनी त्यांच्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

उपसंहार

टंगस्टनच्या कांडीत थोरियम घालण्यामागे एक उत्तम शास्त्रीय शोध होता, आणि त्या काळी तिच्या तोडीचा पर्याय हाताशी नव्हता. आज तो आहे. सोनेरी वा निळ्या टोकाची कांडी अगंज पोलादावरही चालते आणि योग्य यंत्रावर ॲल्युमिनियमवरही चालते. तिचे टोक काढताना धूळ टाळावयाची असते, पण ती धूळ किरणोत्सर्गी नसते. लाल कांडी मागण्याची प्रथा केवळ ओळखीमुळे टिकून आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांतून जी कांडी विद्यार्थ्याच्या हाती प्रथम दिली जाते, तीच तो पुढे वाळूजला किंवा शेंद्र्याला मागतो. तेव्हा हा बदल कारखान्याच्या खरेदी विभागाआधी शिक्षणसंस्थेच्या भांडारात व्हावयास हवा. पुढील मागणीपत्र लिहिताना भांडारपालाने रंगाचा रकाना एकदा विचारपूर्वक भरावा, एवढीच या लेखाच्या निमित्ताने विनंती आहे.